घरातल्या यंत्रांना हाक मारायला नाव हवं

महोदय,

वेंगुर्ले तालुक्यातल्या आमच्या वाडीत आता इंटरनेटचं फायबर आलं आहे. ज्या घरांत काल-परवापर्यंत एक टीव्ही आणि दोन मोबाइल एवढंच होतं, तिथे आज कॉम्प्युटर, प्रिंटर, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर असं बरंच काही एका राऊटरला, म्हणजे घरभर इंटरनेट वाटणाऱ्या पेटीला, जोडलेलं असतं. पण या यंत्रांना घरातल्या माणसांच्या तोंडात बसेल असं नाव नसतं, फक्त आकडा असतो, ज्याला आयपी पत्ता म्हणतात. त्या आकड्यांपायी आमच्यावर ऐन हंगामात जी वेळ आली ती सांगावी, आणि जोडणी करून देणाऱ्या कंपन्यांकडे एक मागणी करावी, म्हणून हे पत्र.

आमचा काजूचा छोटा कारखाना घराला लागूनच आहे. बी भाजणं, फोडणं, गर सोलणं, प्रतवारी, पॅकिंग अशी कामं वाडीतल्या अकरा बायका करतात. बिलं पडवीतल्या कॉम्प्युटरवर होतात आणि प्रिंटर माजघराच्या दारात आहे, कारण पडवीत पावसाची झड येते. गेल्या वर्षी मे महिन्यात वळवाच्या पहिल्याच पावसात वीज कडाडली आणि राऊटर जळला. दोन दिवसांनी कंपनीचा माणूस आला, नवीन राऊटर बसवला, मोबाइलवर इंटरनेट चालू झालेलं दाखवलं आणि गेला. संध्याकाळी मुंबईची ऑर्डर निघायची होती. बिल काढायला गेले तर प्रिंटर सापडेना. कॅमेऱ्याचं चित्रही दिसेना.

झालं होतं ते असं. जुना राऊटर घरातल्या यंत्रांना १९२.१६८.० या मालिकेतले आकडे देत असे, नवा १९२.१६८.१ या मालिकेतले द्यायला लागला. प्रिंटरला माझ्या मुलाने पूर्वी एक आकडा कायमचा बसवून दिला होता, तो जुन्या मालिकेतला. त्यामुळे दोन्ही यंत्रं एकाच माजघराच्या आत-बाहेर असूनही एकमेकांना ओळखेनाशी झाली. मुलगा पुण्यात. रेंजसाठी मी अंगणातल्या तुळशीपाशी उभी, तो फोनवर विचारतोय, "आई, शेवटचा आकडा काय दिसतो? पन्नास का पंधरा?" आणि मी अंगणातून पडवीत, पडवीतून अंगणात. राऊटरच्या आत जाऊन बघायचं तर पासवर्ड हवा. तो कंपनीच्या माणसाने दिला नव्हता. फोन केला तर म्हणाला, आम्ही गिऱ्हाइकाला देत नाही. सहा दिवस आम्ही बिलं हाताने लिहिली.

मला याचं दुःख जास्त झालं ते माझ्या नोकरीमुळे. १९८१ साली, सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीतून वेगळा झाला त्याच वर्षी, मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागले. आमचं एक्स्चेंज हाताचं होतं. समोर बोर्ड, त्यावर प्रत्येक टेलिफोनची एक खाच, हातात दोरीचे प्लग. गिऱ्हाइकाने हँडल फिरवलं की बोर्डावर त्याच्या नंबराची झडप पडायची. मी प्लग लावून विचारायची, "नंबर प्लीज." आणि पलीकडून नंबर जवळजवळ कधीच यायचा नाही. यायचं ते "डॉक्टरांका लाव", "सोसायटीत दी", "बंदरावर कोण आसा काय बघ". डॉक्टर सकाळी दवाखान्यात, दुपारी घरी, गुरुवारी शेजारच्या गावात. नंबर तीन, पण गिऱ्हाइकाला ठाऊक एकच शब्द. कुठला प्लग कुठे लावायचा ते बघणं हे माझं काम. पुढे डॉक्टरांनी घर बदललं, टेलिफोन दुसऱ्या खाचेत गेला. गावात एकालाही ते कळवावं लागलं नाही. माझ्या वहीत एक ओळ खोडून दुसरी लिहिली, झालं.

कॉम्प्युटरच्या जगात हेच काम होतं आणि तेही एका बाईच्या देखरेखीखाली चालत होतं, हे मला निवृत्तीनंतर कळलं तेव्हा फार बरं वाटलं. इंटरनेटच्या आधी अमेरिकेत आर्पानेट नावाचं कॉम्प्युटरचं जाळं होतं. त्यावरच्या सगळ्या यंत्रांची नावं आणि आकडे यांची एकच यादी कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवली जायची. ते कार्यालय एलिझाबेथ फाइनलर यांच्या हाताखाली होतं. नवीन यंत्र जोडायचं असलं की त्यांच्याकडे कळवायचं, मग यादी सुधारली जायची आणि बाकीचे सगळे ती उतरवून घ्यायचे. यंत्रं वाढली तशी एक यादी पुरेना. म्हणून १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी नावं शोधून देणारी नवी व्यवस्था आखली, जिला डीएनएस म्हणतात. आपण वर्तमानपत्राचं नाव टाइप करतो आणि पान उघडतं, ते तिच्यामुळे. पण त्या जुन्या यादीच्याच धर्तीची एक छोटी यादी आजही जवळजवळ प्रत्येक कॉम्प्युटरच्या पोटात आहे. तिचं नाव होस्ट्स. ही साधी मजकुराची फाइल आहे, आणि माझ्या बोर्डाशेजारच्या वहीसारखीच आहे. एका ओळीत आधी आकडा, मग थोडी जागा सोडून नाव.

यावर कोणी म्हणेल, पाच यंत्रांसाठी एवढा खटाटोप कशाला, आकडे पाठ करावेत. आमच्या धंद्यात आकडे पाठ असतातच. ३२० म्हटलं की कुठला गर ते कारखान्यातल्या नव्या मुलीलाही कळतं, कारण एका पौंडात साधारण तेवढे गर बसतात. २४० म्हणजे त्याहून मोठा. तिथे आकड्याला अर्थ आहे. १९२.१६८.१.५० या आकड्यात प्रिंटरचं काहीच नाही. उद्या राऊटर तोच आकडा पाहुण्याच्या मोबाइलला देईल. आणि १९२.१६८ ने सुरू होणारे आकडे खासगी जाळ्यांसाठी राखून ठेवलेले आहेत, १९९६ सालापासून तसा लेखी दंडकच आहे. त्यामुळे माझ्या घरात जो आकडा आहे तोच शेजारच्या घरातही असू शकतो. आपल्या जमिनींचंच बघा. आमच्या घराखाली सात कुणगे, म्हणजे भातशेतीचे तुकडे, आहेत. सातबाऱ्यावर त्यांना सर्व्हे नंबर आहेत, हिस्सा नंबर आहेत, तलाठ्याकडे गेलं की तेच लागतात. पण लावणीला जाताना "आज वडाच्या कुणग्यात" असंच म्हणतात. व्हाळाकडचा, देवळामागचा, भटाचा. बागेतल्या प्रत्येक कलमालासुद्धा नाव असतं. नंबर सरकारी कामाला, नाव माणसांना, ही रीत कोकणात कोणी शिकवावी लागत नाही. मग यंत्रांच्या बाबतीतच आपण ती का सोडली?

त्या प्रकरणानंतर कुडाळचा माझा भाचा आला. त्याने आणि मी मिळून दोन रविवार बसून सगळी यंत्रं नावावर आणली. ती हकिगत थोडी सविस्तर सांगते, कारण मराठीत हे कुठे सोपं करून लिहिलेलं मला मिळालं नाही.

भाच्याने पहिल्यांदा मला जे करू दिलं नाही ते म्हणजे नावं लिहिणं. तो म्हणाला, "मावशी, आधी आकडे हलायचे थांबव. नाहीतर तुझी वही पुन्हा खोटी पडेल." राऊटर प्रत्येक यंत्राला ठरावीक मुदतीपुरता आकडा देतो. वीज गेली-आली, राऊटर नव्याने उठला, की तोच आकडा मिळेल याची खात्री नसते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात वीज दिवसाला किती वेळा जाते ते मी सांगायला नको. यावर उपाय राऊटरमध्येच असतो. प्रत्येक यंत्राला कारखान्यातून आलेला एक बारा खुणांचा हार्डवेअर पत्ता असतो, प्रिंटरच्या मागच्या चिठ्ठीवर तो छापलेला असतो. राऊटरला सांगून ठेवायचं की या पत्त्याचं यंत्र आलं की त्याला नेहमी हाच आकडा द्यायचा. याला आकडा राखून ठेवणं म्हणतात. यंत्रात आकडा पक्का बसवण्यापेक्षा हे बरं, कारण मग सगळा हिशेब एका जागी राहतो. मुलाने प्रिंटरमध्ये बसवलेला पक्का आकडा आम्ही काढून टाकला तो याचसाठी. मोबाइलच्या वाटेला मात्र जाऊ नये. हल्लीचे मोबाइल खासगीपणासाठी बनावट हार्डवेअर पत्ता सांगतात, आणि मोबाइलला घरात कोणी हाक मारतही नाही.

हे करायला राऊटरचा पासवर्ड लागला. तो मिळवायला तीन अर्ज आणि एक फेरी कुडाळला करावी लागली.

मग नावं. यावर घरात जेवढं बोलणं झालं तेवढं नातवाच्या बारशालाही झालं नव्हतं. मुलाचं म्हणणं, ज्याचं यंत्र त्याचं नाव. मला ते पटलं नाही. लॅपटॉप आज मुलाचा असतो, उद्या सुनेकडे जातो, परवा नातू त्यावर अभ्यास करतो. मी जागेची नावं सुचवली, पडवी, माजघर, माडी. तेही टिकलं नाही, कारण जूनमध्ये छप्पर गळलं आणि 'पडवी' माजघरात आणून ठेवावी लागली. पंधरा दिवस सगळ्यांचा गोंधळ. शेवटी कामाची नावं ठेवली. बिलांचा कॉम्प्युटर 'बिल'. प्रिंटर 'छाप'. जाळ्याला जोडलेल्या ज्या साठवणीच्या डब्यात फोटो आणि जुने हिशेब ठेवलेले आहेत तो 'कणगी'. कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरला नातवाने 'राखणदार' म्हटलं आणि आम्हा सगळ्यांना ते आवडलं, पण सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, "राखणदाराचा नाव मशिनीक देव नको." त्यांचं वय ८९. राखणदार म्हणजे आमच्याकडे जागेची राखण करणारा देव, आणि दर वर्षी त्यांच्याच हातून त्याला नारळ जातो. त्यांचं बरोबर होतं. रेकॉर्डरचं नाव 'पहारा' ठेवलं.

नंतर भाच्याने दाखवलं की १९९० साली अमेरिकेतल्या जाणकारांनी कॉम्प्युटरला नाव कसं ठेवावं यावर एक टिपण काढलं होतं. त्यातही हेच सांगितलंय की मालकाचं नाव देऊ नये, लांब नाव देऊ नये, एकाच शब्दाची वेगवेगळी स्पेलिंगं होतील असं नाव टाळावं. हे शेवटचं आम्हाला भोवलं होतंच. फाइलमध्ये नावं रोमन अक्षरांत लिहावी लागतात आणि आकडेही इंग्रजी. इंटरनेटवर देवनागरी नावं चालतात, २०१४ पासून .भारत असा शेवट असलेली नावं मिळतातही. पण आतून यंत्र त्यांचं रोमन अक्षरांत रूपांतर करूनच काम करतं, आणि घरच्या फाइलमध्ये रोमनच बिनघोर. आता 'कणगी' हा शब्द रोमनमध्ये मी के, ए, एन, ए, जी, आय असा लिहिते. सूनबाई मधला ए गाळते. तिला डबा सापडेना, मला सापडे.

यावरचा तोडगा मला सगळ्यांत आवडला. होस्ट्स फाइलमध्ये एका आकड्यापुढे एकाहून जास्त नावं लिहिता येतात, नुसती मध्ये जागा सोडायची. पहिलं नाव खरं, पुढची सगळी टोपणनावं. आम्ही दोन्ही स्पेलिंगं लिहिली, आणि मुलाच्या सवयीचं जुनं लांबलचक नावही तिथेच ठेवलं. आपल्याकडे कागदावरचं नाव एक, शाळेत दुसरं, वाडीत बाबल्या आणि आजोळी भाई. आणि कुठल्याही नावाने हाक मारली तरी माणूस तोच वळून बघतो. यंत्रालाही तसंच ठेवता येतं, हे कळल्यावर घरातली स्पेलिंगची भांडणं संपली.

प्रत्यक्ष करताना आम्ही कुठे अडलो तेवढं सांगते. विंडोजमध्ये ही फाइल सी ड्राइव्हवर विंडोज, त्यात सिस्टिम ३२, त्यात ड्रायव्हर्स, त्यात ईटीसी अशा खोल घरात असते. लिनक्स आणि मॅकवर सरळ ईटीसीमध्ये. नोटपॅड नेहमीसारखं उघडलं तर बदल जतन होत नाही. नोटपॅडवर उजवी टिचकी देऊन ते अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडावं लागतं. जतन करताना फाइलच्या नावामागे टीएक्सटी हे शेपूट लागलं तर कॉम्प्युटर ती वाचतच नाही. माझा एक पूर्ण तास या शेपटापायी गेला. १२७ ने सुरू होणारी ओळ दिसली तर तिला हात लावू नये, तो प्रत्येक यंत्राचा स्वतःसाठीचा आकडा आहे. नावात अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ एवढंच चालतं. खालची रेघ टाळावी. आणि ब्राउझरमध्ये नुसतं 'पहारा' लिहिलं तर ते शोधयंत्राकडे जातं आणि पोलिसांच्या बातम्या येतात. नावाच्या शेवटी एक तिरपी रेघ दिली की ते घरातल्या घरात शोधतं.

एक सावधगिरी. ही फाइल आपल्या हाताची आहे तशी ती चोराच्या हाताचीही होऊ शकते. बँकेच्या नावापुढे कोणी भलताच आकडा लिहून ठेवला तर आपण नाव बरोबर टाइप करूनही भलत्या दारात जाऊ. म्हणूनच विंडोज ती सहज बदलू देत नाही. ती अट कोणी सांगितलं म्हणून कायमची काढून टाकू नये, आणि "मी फाइल दुरुस्त करून देतो" म्हणणाऱ्या अनोळखी फोनला कॉम्प्युटरचा ताबा देऊ नये.

या पद्धतीत एक उणीव राहते. प्रत्येक कॉम्प्युटरची फाइल वेगळी, आणि मोबाइलमध्ये तर ती बदलताच येत नाही. म्हणजे एकाच घरात पाच वह्या. काही राऊटरमध्येच नावं लिहायची सोय असते, तशी असेल तर प्रश्न मिटतो. आमच्यात नव्हती. म्हणून भाच्याने पत्त्यांच्या कॅटएवढा एक छोटा कॉम्प्युटर आणला, त्यावर डीएनएसमास्क नावाची फुकट मिळणारी प्रणाली बसवली आणि राऊटरला सांगितलं की घरातल्यांनी नाव विचारलं तर याच्याकडे पाठव. ती प्रणाली त्या छोट्या यंत्रातली होस्ट्स फाइल वाचते आणि घरभर सगळ्यांना उत्तर देते. बाहेरचं नाव असलं तर पुढे विचारून आणते. म्हणजे बोर्डावर पुन्हा एक ऑपरेटर बसली. तेव्हापासून मोबाइलवरूनही 'पहारा' उघडतो. नावांना शेपूट म्हणून डॉट कॉमसारखं काही मनाने लावू नका असं भाच्याने बजावलं. घरच्या जाळ्यासाठी होम डॉट आर्पा हा शेवट २०१८ साली मुद्दाम राखून ठेवला आहे, तो वापरावा. हे छोटं यंत्र बंद पडलं तर मात्र घरातून बाहेरचीही नावं सापडत नाहीत. म्हणून ते इन्व्हर्टरवर ठेवलं आहे, आणि 'बिल'मधली फाइल मी तशीच राहू दिली आहे. बिलाचं काम एका दोरीवर लोंबकळत ठेवायचं नाही.

या जानेवारीत प्रिंटर बिघडला आणि नवीन घेतला. राऊटरमध्ये राखलेल्या ओळीत नवीन प्रिंटरचा हार्डवेअर पत्ता घातला, नाव तेच ठेवलं. प्रतवारीवर बसणाऱ्या आमच्या एका बाई दुपारी लेबलं काढायला आल्या. त्यांनी नेहमीसारखं 'छाप' निवडलं आणि कागद हातात घेतल्यावर विचारलं, "बाय, ह्या मशीन बदललास काय? अक्षर लय सुबक इला."

आता मागणी. आपल्या वर्तमानपत्राद्वारे मी कोकणात घरोघरी जोडणी करणाऱ्या सर्व कंपन्यांना विनंती करते की राऊटर बसवताना त्याच्या आतल्या व्यवस्थेचा पासवर्ड घरमालकाला कागदावर लिहून द्यावा. राऊटर आमच्या घरात आहे, त्याला जोडलेली यंत्रं आमच्या पैशाची आहेत. पासवर्ड देता येत नसेल तर निदान घरात प्रिंटर किंवा कॅमेरा आहे का ते विचारावं, त्यांचे आकडे जाण्याआधी राखून द्यावेत, आणि राऊटर बदलताना जुनीच मालिका ठेवावी. हे काम दहा मिनिटांचं आहे. आमच्या वेळी एखाद्या गिऱ्हाइकाचा नंबर बदलायचा तर आधी लेखी कळवावं लागे, आणि न कळवता बदलला तर ऑपरेटरला मेमो मिळे.

आणि वाचकांना विनंती की वळवाच्या वीज-वाऱ्याचे दिवस सुरू होण्यापूर्वी, एका वहीत घरातल्या प्रत्येक यंत्राचं नाव, आकडा आणि मागच्या चिठ्ठीवरचा हार्डवेअर पत्ता लिहून ठेवावा. आमची वही मीटरच्या पेटीशेजारी खुंटीला बांधलेली आहे. ती मराठीत आहे, शाईपेनने लिहिली आहे, आणि सासूबाई सोडून घरातल्या प्रत्येकाला ती वाचून यंत्रं पुन्हा जोडता येतात. नातू अकरा वर्षांचा आहे, गेल्या महिन्यात वीज गेली तेव्हा त्यानेच जोडली.

आपली,
एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर,
तालुका वेंगुर्ले, जिल्हा सिंधुदुर्ग